ओशिनचे पोतेभर तांदूळ
(नभोवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, जपानी मालिकांवर बोलणार आहे असे घरी सांगितले, तेव्हा पहिला प्रश्न घरातूनच आला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाचा जपानशी संबंध काय? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर सोपे आहे : वैनगंगा.

१९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगलीची मालिका लागायची. शीर्षकगीत गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाजांची आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. मुले तोंड न धुता टीव्हीसमोर बसत. ती मालिका जपानी होती, हे फार थोड्यांना ठाऊक होते. निप्पॉन अ‍ॅनिमेशन या कंपनीने १९८९-९० मध्ये ५२ भागांत ती केली. किपलिंगने मोगलीची गोष्ट शिवनीच्या जंगलात घडवली आणि तिच्यात वैनगंगा वाहते. ही नदी शिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाट आणि भंडारा ओलांडून आमच्या ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोलीच्या अंगाने येते आणि पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते. आमच्या नदीची गोष्ट एका इंग्रजाने लिहिली, जपान्यांनी चित्रांत काढली आणि हिंदी बोलत ती आमच्या घरी परत आली. तेव्हा पाहुणे अगदीच परके नाहीत.

पण आज जास्त बोलायचे आहे ते दुसऱ्या मालिकेबद्दल. तिचे नाव ‘ओशिन’. जपानच्या एनएचके या सार्वजनिक वाहिनीने ती ४ एप्रिल १९८३ ते ३१ मार्च १९८४ अशी वर्षभर दाखवली. रोज सकाळी १५ मिनिटे, एकूण २९७ भाग. लेखिका सुगाको हाशिदा. त्या २०२१ मध्ये, ९५व्या वर्षी गेल्या. जपानमध्ये या मालिकेला सरासरी ५२.६ टक्के प्रेक्षक मिळाले आणि एका भागाला ६२.९ टक्के. पुढे ती साठाहून अधिक देशांत गेली. इराणमध्ये तिला जे नाव दिले, त्याचा अर्थ ‘घरापासून दूरची वर्षे’ असा होतो. मला मूळ नावापेक्षा तेच जास्त आवडते.

गोष्ट अशी. ८३ वर्षांची ओशिन मोठ्या दुकानांची मालकीण आहे. नव्या दुकानाच्या उद्घाटनाच्या दिवशीच ती कोणाला न सांगता घरातून निघून जाते. नातू तिला शोधून काढतो. मग आजी त्याला घेऊन डोंगरातल्या आपल्या जुन्या गावी जाते आणि तिला लहानपण आठवू लागते. साल १९०७, यामागाता प्रांत, कुळाचे घर. पिकवलेल्या भातातला मोठा वाटा जमीनदाराचा. घरी भात शिजतो तो मुळ्याचे तुकडे घालून वाढवलेला. खाणारी तोंडे जास्त. म्हणून सात वर्षांच्या ओशिनला लाकडाच्या एका व्यापाऱ्याकडे मूल सांभाळायला पाठवतात. पुढच्या वसंतापर्यंतच्या चाकरीचा मोबदला तांदळाचे एक पोते, साधारण ६० किलो. नदीत तराफा आहे, काठावर बर्फ आहे, पोर तराफ्यावर उभी आहे आणि बाप काठाने धावतो आहे.

ही मालिका मी भाच्याच्या संगणकावर पाहिली. खाली इंग्रजी ओळी येत होत्या. मी त्या मोठ्याने मराठीत सांगायची आणि माझी नणंद व शेजारच्या दोघी ऐकायच्या. तराफ्याचा प्रसंग आला तेव्हा मला वाटले, आता सगळ्या रडतील. त्यातली एक दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जाते. तिने विचारले, “सालभराचं एकच पोतं? लय कमी देलन त्यानं.” दुसरीने विचारले, “त्या पोरीले जेवण मालकाचं की घरचं?” जपानमधल्या समीक्षकांनी काय लिहिले ते मी वाचलेले नाही, पण याहून नेमके प्रश्न कोणी विचारले असतील असे मला वाटत नाही. रडू नंतर आले. ओशिनला निघताना आजीने दिलेले नाणे मालकाकडे चोरीचे ठरते, तेव्हा आमच्याकडे चहा तसाच थंड झाला.

या बायकांना ही गोष्ट समजावून सांगावी लागली नाही, याचे कारण भात. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल आणि वैनगंगेच्या पलीकडे वडसा, आरमोरी हा सगळा धानाचा मुलूख. पऱ्हे, रोवणा, बांधी हे शब्द आमच्याकडे लहान मुलालाही येतात. कण्यांची पेज करून दिवस काढलेली माणसे अजून घराघरांत आहेत. आमच्याकडे मालगुजारी १९५१ साली संपली. जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर जमीनसुधारणा होऊन कुळे मालक झाली. काळही जवळजवळ एकच. भाताला मुळा घालतात हे ऐकून कोणी हसले नाही. आम्ही मोहफुले घालतो, एवढेच त्या म्हणाल्या.

आता एक प्रेक्षक म्हणून माझी मते सांगते.

पहिले मत कामाबद्दल. ओशिन पाठीवर मूल बांधून गोठलेल्या पाण्यात लंगोट धुते, ते आपल्याला पूर्ण दिसते. पाणी कुठून आणले, जळण कोणी फोडले, शेवटी भांड्यात काय उरले, सगळे दिसते. आपल्या अलीकडच्या मालिकांमध्ये माणसे भरजरी कपड्यांत जिना उतरतात. त्या घरात पैसा कोणत्या कामातून येतो, हे वर्षभर पाहूनही कळत नाही.

दुसरे मत भाषेबद्दल. ओशिनच्या घरची माणसे त्यांच्या भागातली बोली बोलतात, आणि सगळ्या जपानने ती रोज सकाळी ऐकली. माझ्या घरात उर्दूमिश्रित हिंदी, बाजारात झाडीबोली आणि कागदावर पुस्तकी मराठी. “तुम्ही मुसलमान असून मराठीत कविता लिहिता?” हा प्रश्न मला तीस वर्षे विचारला जातो. मी म्हणते, भात ज्या भाषेत मागितला त्याच भाषेत लिहिते. पण माझी ही बाजारातली बोली मला टीव्हीवर ऐकू आली, तर ती बहुतेक गड्याच्या किंवा विदूषकाच्या तोंडी असते. झाडीबोलीत आई मुलीला निरोप देते आहे आणि कोणी हसत नाही, असा प्रसंग मला पडद्यावर पाहायचा आहे.

तिसरे मत शांततेबद्दल. जपानी मालिकेत दोन माणसे शेजारी बसतात आणि बराच वेळ कोणी बोलत नाही. नभोवाणीवर मी अशी दहा सेकंद गप्प बसले, तर काचेपलीकडचे साहेब उठून उभे राहतील. आपल्या मालिकांत शांतता आली की लगेच ढोल वाजतो आणि तोच चेहरा तीन बाजूंनी दाखवतात. ओशिनची आई लेकीला पाठवताना फार बोलत नाही. पाहणाऱ्याला तिचे दुःख कळते, कारण त्याला ते कळेल असा विश्वास लेखिकेने ठेवलेला आहे.

चौथे मत शेवटाबद्दल. जपानमध्ये आठवड्याला एक भाग अशी मालिका साधारण दहा-अकरा भागांत संपते. आपल्याकडेही दूरदर्शनच्या काळात तेरा भागांच्या मालिका होत्या आणि त्या आजही आठवतात. पुढे ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांवर भाग झाले. सासूचे दिवस चार असतात, हे नाव देणारेच विसरले. शेवट ठाऊक असेल तर लेखक जपून लिहितो. शेवटच नसेल तर मेलेली माणसेसुद्धा परत आणावी लागतात.

छोट्या मालिकेचे एक उदाहरण देते. ‘शिन्या शोकुदो’, म्हणजे मध्यरात्रीची खानावळ. यारो आबे यांच्या चित्रकथेवरून २००९ साली ती सुरू झाली. टोकियोतल्या गल्लीतले एक लहानसे दुकान रात्री बारापासून सकाळी सातपर्यंत उघडे असते. फलकावर पदार्थ एकच, डुकराच्या मांसाचे सूप. म्हणजे माझ्यासारखीने दारातूनच परतायचे. पण मालक म्हणतो, काय हवे ते सांगा, सामान असेल तर करून देतो. टॅक्सीवाला येतो, नाचणारी येते, एकटी राहणारी कारकून येते. पंचवीसेक मिनिटांत एक पदार्थ आणि एका माणसाची गोष्ट संपते. रमजानच्या सहेरीला आमच्या चौकात अशी खानावळ असती, तर मी रोज गेले असते.

आता तक्रारही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई जपान्यांच्या प्रेमात पडल्या. ओशिन फार सोसते. लग्नानंतर सासरी, दक्षिणेकडच्या सागा प्रांतात, सासू तिला इतकी छळते की मला आपल्याच वाहिनीवर आल्यासारखे वाटले. बाईने सोसले की शेवटी चांगले होते, हा धडा गरीब बाईला फार महाग पडतो. चांगले झालेल्या एकीची मालिका होते, बाकीच्यांचे काय झाले ते कोणी विचारत नाही. पण हाशिदाबाईंच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांनी ओशिनच्या घरालाही सोडलेले नाही. तिचा नवरा लष्कराला माल पुरवतो आणि घर वर येते. त्याच युद्धात थोरला मुलगा जातो. पराभवानंतर नवरा स्वतःचा जीव घेतो. म्हातारपणी दुकानांवर दुकाने उघडताना ओशिनला प्रश्न पडतो, की या वाटेवर आपण काय हरवले? म्हणून ती नातवाला घेऊन गावी जाते. गरिबी संपल्याचा आनंद आणि हा प्रश्न, दोन्ही एकाच मालिकेत आहेत. म्हणून मी ती शेवटपर्यंत पाहिली.

श्रोतेहो, असा विषय आपल्याकडे नाही काय? १९८३ साली जपान ओशिन पाहत होता. त्याच वर्षी नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांना आपल्या धानात काही वेगळ्या, पिवळसर ओंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वेगळ्या पेरल्या, आणि त्यातून तो बारीक तांदूळ आला, ज्याला लोकांनी घड्याळावरून एचएमटी हे नाव दिले. तो तांदूळ दूरदूर पिकला. दादाजी २०१८ साली गेले, आणि शेवटपर्यंत त्यांच्या वाट्याला ओढग्रस्तच होती. रोज १५ मिनिटे सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, असे कोण म्हणेल?

दुसरा विषय शेजारणीचा. धान निघाल्यावर आमच्या दोन्ही जिल्ह्यांतून माणसे मिरचीला तेलंगणात जातात. नवरा-बायको जातात, कधी मुलेही जातात, आणि शाळेच्या हजेरीपटावर नावापुढे रेघ पडते. २०२० च्या टाळेबंदीत हीच माणसे गटागटाने जंगलातून पायी परतली. त्या एप्रिलमध्ये मिरचीच्या शेतातून निघालेली शेजारच्या बस्तरची एक बारा वर्षांची मुलगी घर जवळ आले असताना वाटेत गेली. बातमी छापून आली, आपण ती वाचली, दुसऱ्या दिवशी दुसरी बातमी आली. ओशिनला सातव्या वर्षी पाठवले त्याला शंभरावर वर्षे झाली. जपान ती गोष्ट सांगून पुढे गेला. आपल्याकडे ती अजून घडते आहे आणि सांगायची राहिली आहे.

हे काम मुंबईने करावे, अशी वाट पाहण्याची गरज नाही. आपल्याजवळ झाडीपट्टी रंगभूमी आहे. धान घरात आले की दिवाळीपासून होळीपर्यंत मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने गावोगाव रात्रभर नाटके होतात. वडशात नाटक कंपन्यांची कार्यालये थाटलेली असतात. याच रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पहाटेपर्यंत थंडीत बसणारा इतका जाणता प्रेक्षक कोणत्या वाहिनीजवळ आहे? या नाटकांत सावकार पाहिले, सून पाहिली, दारुडा बाप पाहिला. मिरचीच्या शेतातले पाल मात्र मला अजून दिसलेले नाही. आमच्या लेखकांना माझी ही विनंती आहे.

आणि नभोवाणीला तर कॅमेरासुद्धा लागत नाही. पंधरा मिनिटांची श्रुतिका, झाडीबोलीत, आठवड्यातून एकदा, तेरा भाग आणि मग शेवट. मिरचीला जाऊन आलेल्या एखाद्या बाईला बसवून बोलते करा. पहिल्या भागात ती कोणाबरोबर निघाली, मजुरी किती ठरली आणि मूल कोणापाशी ठेवले, एवढे कळले तरी पुष्कळ झाले. माझ्या शेजारणीने ओशिनबद्दल हेच विचारले होते.