पाठातील नदी आणि काठावरची नदी



पोलादपूरकडील एका शाळेत मी चौथीतील एका मुलास सावित्री नदीविषयी विचारले. ‘महाबळेश्वरी उगम पावते, बाणकोटनजीक अरबी समुद्रास मिळते,’ असे तो एका दमात म्हणाला. ती पाहिली आहेस काय, असे पुसता मात्र गोंधळून ‘नाही’ म्हणाला. वास्तविक त्याचे घर तिच्याच काठी. घरी तिला सारे नुसती ‘नदी’ म्हणत! दोष त्याचा नव्हे. मीही वर्षानुवर्षे असाच पाठ घेतला.

पुढे २०२२ साली महाडच्या एका वर्गात, जुलै २०२१ च्या पुराचे पाणी घरात कोठवर चढले होते, एवढेच विचारले. एरवी गप्प बसणारी मुलगी उठली व हात उंचावून भिंतीवर खूण दाखविली. मुलांनी ती फूटपट्टीने मोजली. मग समुद्रास भरती असता पूर का तुंबतो, हा प्रश्न त्यांनीच काढला.