अर्धवट डाव
(पापाटोएटो येथे बाळगोपाळांसमोर केलेले छोटे भाषण)

मंडळी, बाबा सांगलीहून आले होते. परतायच्या दिवशी आमचा डाव अर्धवट राहिला. "हात लावू नकोस, फोनवर पुढे खेळू," म्हणाले. आवराआवरीत मोहरे हलले. कुठे काय होतं, कुणालाच आठवेना. पुढे बाबाही गेले.

म्हणून मुलांनो, पट लिहायला शिका. काळ्यांच्या बाजूच्या आठव्या ओळीपासून सुरुवात. पांढऱ्यांना मोठी इंग्रजी अक्षरं, काळ्यांना छोटी, सलग रिकाम्या घरांचा नुसता आकडा. ओळ संपली की तिरकी रेघ. पहिल्या ओळीत पांढरा राजा एकटाच आपल्या मूळ घरात असेल तर ४के३. घरांची बेरीज ८ यायलाच हवी. शेवटी खेळी कोणाची, तेही लिहा.

ही युक्ती काढणारे डेव्हिड फोरसिथ स्कॉटलंडहून येऊन आपल्या डनेडिनलाच स्थायिक झाले. तीच वाढवून आज संगणक वापरतात.

आजोबा विमानतळावर निघण्याआधी एवढं लिहून घ्या.