नदीच्या कामाचं गाणं

दर वेळी आपण बचतीच्या हिशेबाबद्दल बोलतो. आज गाण्याबद्दल बोलू. तोही हिशेबच आहे, कामाचा.

आपलं बाळापूर मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या कुशीत वसलेलं. पाहुणा आला की आपण किल्ला दाखवतो, मिर्झाराजे जयसिंगांची छत्री दाखवतो. त्यांची नावं पुस्तकात आहेत. पण नदीत राबलेल्या बायांची नावं कुठं आहेत?

डांगरवाडीचंच घ्या. दिवाळीनंतर पाणी उतरलं की भोई समाजातली कुटुंबं नदीच्या वाळूत सऱ्या काढतात, शेणखत भरतात, टरबूज, डांगर, काकडीचं बी लावतात. मुळं ओलीपर्यंत पोचेतो घागरीनं पाणी घालायचं, राखण करायची, आणि उन्हाळ्यात फळाचं टोपलं डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा. बाईचे हात पहिल्यापासून शेवटपर्यंत. पण वाळूचा सात-बारा काही तिच्या नावावर नसतो.

बाईनं आपली नोंद केली ती ओवीत. धुण्याचा दगड, डोक्यावरची घागर, पुरानं अडवलेली माहेरची वाट, सारं तिनं जात्यावर बसून गाण्यात घातलं.

काम थांबलं की गाणंही थांबतं. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं. नळ आला, घाट सुना झाला. जिथली वाळू उपसली, तिथं वाडीही राहिली नाही. जात्याचे कष्ट परत कुणालाच नकोत, नळ तर हवाच. पण त्या कष्टांची आठवण का घालवायची?

मन नदी पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला. त्या तापीच्या खोऱ्यात बहिणाबाई चौधरी होऊन गेल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. मुलानं, सोपानदेवांनी, गाणी लिहून घेतली, म्हणून १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी सहकाऱ्यांसोबत १ लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आपल्या गटात तर लिहिता-वाचता येणाऱ्या कितीतरी जणी आहेत.

म्हणून एक करू. दर मासिक बैठकीत पंधरा मिनिटं एखाद्या म्हाताऱ्या मायला द्यायची. तिला विचारून, तिच्या खुशीनं गाणं लिहून घ्यायचं. ती वऱ्हाडीत जसं म्हणते तसंच लिहायचं, शुद्ध करायला जायचं नाही. खाली तिचं नाव, गाव, आणि गाणं कोणत्या कामाच्या वेळी म्हणत, तेही लिहायचं. वाडी कुठं होती, डोहात पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकायचं, हेही विचारायचं. गाणं म्हणजे कायद्याचा कागद नव्हे. पण उद्या ग्रामसभेत नदीचा, वाळूचा विषय निघाला, तर नदी कशी होती हे आपल्याला सांगता तरी येईल.

भुलाबाईची गाणी भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत रंगतात. तेवढ्या महिन्यात एका गटानं दहा गाणी लिहिली, तरी खूप झालं. बचतीच्या वहीशेजारी ही वही ठेवा. तीही आपली शिल्लकच आहे.