नाशिक : मुक्कामाचे शहर की नांदते शहर?



घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. एका कुटुंबाचे एक घर उभे करताना माणूस मेटाकुटीस येतो. मग २००१ ते २०११ या दहा वर्षांत जे शहर १० लाख ७७ हजारांवरून १४ लाख ८६ हजारांवर गेले, त्या शहराने चार लाख माणसांना घरे कशी दिली असतील? ती घरे आपण विचार करून बांधली, की ती आपोआप उगवली? आज मला बोलावयाचे आहे ते याच प्रश्नावर.

१ नोव्हेंबर १९७५ रोजी पंचवटी एक्सप्रेस सुरू झाली. सकाळी निघावे, मुंबईत नोकरी करावी, आणि रात्री घरी जेवावयास यावे, असा एक पासधारकांचा संसारच त्या गाडीने निर्माण केला. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपलीकडचा अखेरचा टप्पाही खुला झाला. मुंबई जवळ आली याचा आपणांस आनंद आहे. परंतु मुंबई जवळ येते तेव्हा मुंबईचा जमिनीचा भावही जवळ येतो, हे विसरून चालणार नाही.

हे पुढे कोठवर जाते ते पाहावयाचे असेल तर घाट उतरून डोंबिवलीस जावे. ते सुसंस्कृत, वाचनवेडे गाव आहे, आणि तेथे कारखानेही आहेत. तथापि त्याची वाढ झाली ती मुख्यतः मुंबईच्या चाकरमान्याला रात्री पाठ टेकावयास जागा हवी म्हणून. माणसे आधी आली, इमारती धावत उठल्या, आणि रस्ते, गटारे व नकाशे धापा टाकीत मागून आले. ही जी मधली फट, तिच्यातच बनावट कागद शिरतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतील ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. महापालिकेची खोटी परवानगी दाखवून त्यांची नोंदणी झालेली होती. कायद्याच्या दृष्टीने न्यायालयाचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. परंतु ज्याने बँकेचे कर्ज काढून तेथे घर घेतले, त्याला हप्ता चुकत नाही आणि छपराची शाश्वती राहत नाही. इतकी मोठी शिक्षा कोणत्या अपराधाची? परवडेल ते घर घेतले, एवढ्याचीच!

आपण नाशिककर या बाबतीत काही काळ भाग्यवान ठरलो. येथे आधी काम आले. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, आणि सिडकोने सहा योजनांतून नवीन नाशिक वसविले. आधी रस्ता, पाणी, शाळेची जागा, आणि मग घर, असा तो क्रम होता. घरे लहान होती. पुढे कुटुंबे वाढली, मजले चढले, गल्ल्या दाटल्या, हे खरे. पण कामगाराला कामाजवळ आणि ऐपतीत घर मिळाले, ही गोष्ट लहान नव्हे.

नंतर मात्र आपलाही क्रम बिघडला. १९८२ साली महानगरपालिका झाली, २५९ चौरस किलोमीटरचे शहर झाले, आणि १९९३ व २०१७ साली विकास आराखडे लागू झाले. नकाशे होते, तरीही ‘कपाटा’चे प्रकरण आपल्याच गावात घडले! कपाटासाठी म्हणून सोडलेली जागा खोल्यांत मिसळली, बांधकाम मंजुरीपेक्षा अधिक भरले, आणि पूर्णत्वाचे दाखले अडकून बसले. ज्याने घर घेतले त्याला त्या कपाटातले काय ठाऊक? अडकला मात्र तोच.

हे झाले नव्याचे. आता जुन्याकडे वळू. तिवंधा, भद्रकाली, सराफ बाजार या भागांतील वाडे आपण सारे जाणतो. सागवानी खांब, मधला चौक, ओसरी, हे सारे वर्णनात फार गोड वाटते. पण दर पावसाळ्यापूर्वी धोकादायक वाड्यांना नोटिसा लागतात, आणि तरीही कोठे ना कोठे भिंत कोसळतेच. असे का होते? भाडे इतके जुने, की त्यात मालक कौलही बदलू शकत नाही. आणि एकदा जागा सोडली तर परत मिळेल याचा भाडेकरूला भरवसा नाही. पाडून बांधलेल्या इमारतीत भाडेकरूला जागा मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. पण गरिबाचा अनुभव असा, की तरतूद कागदावर असते आणि बिऱ्हाड रस्त्यावर. शिवाय वाड्याची जागा चिंचोळी, समोरची गल्ली अरुंद. एकट्या वाड्याचे बांधकाम परवडत नाही. म्हणून चार-सहा वाडे एकत्र घेऊन, गल्ली रुंद करून बांधण्यावाचून मार्ग दिसत नाही. मात्र त्यात भाडेकरूचा नवा गाळा करारात आधी लिहिला जावा, आणि जुनी भिंत मागाहून उतरावी.

आणि नदीस विसरू नये. दुतोंड्या मारुतीच्या कोणत्या अंगापर्यंत पाणी चढले, यावरून पूर मोजणारे आपण लोक. २००८, २०१६ आणि २०१९ साली गोदेने आपली हद्द पुन्हा दाखवून दिली. पूररेषा सरकारने आखली असे आपण म्हणतो. खरे तर ती नदीनेच आखलेली असते, सरकार फक्त तिची नक्कल करते.

शेवटी एक विनंती. विकास आराखडा मंजूर होण्यापूर्वी प्रसिद्ध होतो, आणि नागरिकांकडून हरकती व सूचना मागविल्या जातात. त्या वेळी नकाशापुढे उभे राहून आपल्या गल्लीवर बोट ठेवणारे आपल्यांत किती असतात? जमिनीचे व्यवहार करणारे तेथे हजर असतात. ज्याला त्या गल्लीत जन्म काढावयाचा, तो घरी असतो. घर घेताना आपण फरशीचा रंग पाहतो, नळाची तोटी फिरवून पाहतो. मंजूर नकाशा आणि पूर्णत्वाचा दाखला मागावयास मात्र संकोच वाटतो. हा संकोच सोडला पाहिजे. रात्री निजण्यापुरते ज्या गावात यावयाचे, त्याचा नकाशा कोणी पाहत नाही. तो पाहतो ज्याला तेथे नांदावयाचे असते. आपल्याला नांदावयाचे आहे, एवढे ठरले तरी आजच्या बोलण्याचे चीज झाले असे मी मानीन.