हौशी खेळाडू आणि त्याची मैदानावरील जागा

(विक्रोळी येथे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक व क्रीडा कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



विक्रोळी हे कष्टकऱ्यांचे उपनगर म्हणून मुंबईस परिचित आहे. पिरोजशानगरची कारखानदारी, गृहनिर्माण मंडळाने वसविलेले कन्नमवारनगर, त्याच्या शेजारचे टागोरनगर आणि पश्चिमेस टेकडीच्या अंगाने वाढलेली पार्कसाईटची वस्ती, ही या उपनगराची ओळख होय. अशा वस्त्यांतून कबड्डी हाच जिवाभावाचा खेळ. त्यामुळे येथे रग्बीविषयी बोलणे काहीसे अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु २०२५ च्या जून महिन्यात अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगचे सामने झाले, सहा संघ उतरले आणि उपनगरांतील मुलांना हा खेळ आपल्या शेजारी पाहावयास मिळाला. आता ही मुले शाळेत येऊन शिक्षकांस विचारणार की, या खेळात आम्हांला जागा आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी दोन गोष्टी समजून घेणे आवश्यक आहे. पहिली म्हणजे या खेळातील जागांची रचना, आणि दुसरी म्हणजे ज्याला आपण हौशी खेळाडू म्हणतो त्याची समाजातील स्थिती. रग्बीच्या इतिहासात या दोन्ही गोष्टी एकमेकींशी निगडित आहेत.

पंधरा जागा, पंधरा कामे

रग्बीच्या पूर्ण सामन्यात प्रत्येक बाजूस १५ खेळाडू असतात व खेळ ८० मिनिटे चालतो. चेंडू हातात घेऊन धावता येते, लाथेने पुढे उडविता येतो. मात्र हाताने तो पुढे फेकता येत नाही, मागे किंवा बाजूलाच द्यावा लागतो. प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकविला की ५ गुण मिळतात. या एका कामासाठी पंधरा जणांत श्रमविभागणी केलेली असते.

क्रिकेटमध्ये पाठीवरचा आकडा खेळाडूच्या आवडीचा असतो. रग्बीत तो त्याची जागा सांगतो. १ आणि ३ क्रमांकांचे दोन प्रॉप हे संघाचे खांब होत. त्यांच्या मधोमध २ क्रमांकाचा हुकर उभा राहतो व झुंडीत टाकलेला चेंडू टाचेने मागे ओढतो. त्यांच्या पाठीशी ४ व ५ क्रमांकांचे उंच लॉक असतात. बाजूच्या रेषेवरून चेंडू आत फेकला जातो तेव्हा बहुधा त्यांनाच सहकारी वर उचलतात. ६ व ७ क्रमांकांचे फ्लँकर चपळ व चिवट असावे लागतात, कारण प्रतिपक्षाला अडविण्याचे बरेचसे काम त्यांच्याकडे असते. ८ क्रमांकाचा खेळाडू झुंडीच्या टोकाशी राहून चेंडूवर ताबा ठेवतो. या आठ जणांना आघाडी म्हणतात.

९ क्रमांकाचा स्क्रम-हाफ हा आघाडी व पिछाडी यांतील दुवा. शरीराने तो लहान असला तरी चालते. त्याच्याकडे हाताची सफाई व निर्णयाची त्वरा मात्र असावी लागते. १० क्रमांकाचा फ्लाय-हाफ डावाची दिशा ठरवितो. १२ व १३ हे सेंटर, ११ व १४ हे कडेने धावणारे विंगर आणि १५ हा सर्वांच्या मागे राहणारा शेवटचा रक्षक, ज्याला फुलबॅक म्हणतात.

शिक्षकांच्या दृष्टीने या रचनेचे महत्त्व मोठे आहे. प्रत्येक वर्गात एखादा स्थूल मुलगा असतो. धावण्याच्या शर्यतीत तो मागे पडतो, कबड्डीच्या वजनी गटात बसत नाही आणि अखेरीस खेळाच्या तासाला दप्तरे सांभाळावयास बसतो. रग्बीत प्रॉपची जागा अशाच अंगकाठीच्या मुलाची वाट पाहत असते. अतिशय उंच व अवघडलेला मुलगा लॉक होऊ शकतो. किरकोळ बांध्याचा, पण तरतरीत मुलगा स्क्रम-हाफ होऊ शकतो. इतक्या भिन्न प्रकृतीच्या मुलांना एका संघात सामावून घेणारे खेळ थोडेच आहेत.

आपल्या कबड्डीतही सात जणांच्या जागा ठरलेल्या असतात. कोपरा सांभाळणारा वेगळा, त्याचा हात धरून साखळी करणारा वेगळा. परंतु चढाई करून परतलेल्या खेळाडूला पकडीसाठी पुन्हा आपल्या जागी उभे राहावेच लागते. म्हणून कबड्डीत तयार झालेल्या मुलाला दोन्ही कामांची सवय असते. खाली वाकून पाय धरणे, झेप घेणाऱ्याला खांद्याने रोखणे, श्वासावर ताबा ठेवणे या त्याच्या गुणांचा रग्बीत थेट उपयोग होतो.

एकाच जागी आयुष्य नको

या जागा प्रारंभापासून अशा ठरीव नव्हत्या. १८७२ साली नाताळच्या दिवशी कलकत्त्यात जो रग्बीचा सामना झाला, त्यात दोन्ही बाजूंना वीस वीस खेळाडू होते. एका बाजूस इंग्लंडचे, तर दुसऱ्या बाजूस स्कॉटलंड, आयर्लंड व वेल्सचे. पुढच्या वर्षी तेथे क्लब स्थापन झाला. काही वर्षांतच खेळाडूंची संख्या रोडावली, तेव्हा सभासदांनी शिल्लक पैसे चांदीच्या रुपयांत काढले, ते वितळवून एक चषक घडविला आणि १८७८ साली तो इंग्लंडमधील रग्बी संघटनेस अर्पण केला. इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यातील सामन्यासाठी आजही खेळला जाणारा कलकत्ता चषक तो हाच. आंतरराष्ट्रीय सामन्यांत पंधरा जणांचा संघ १८७७ पासून रूढ झाला आणि प्रत्येकाचे विशिष्ट काम निश्चित होण्यास त्यानंतर बराच काळ लागला.

हौशी संघात मात्र एकच जागा घेऊन आयुष्य काढणारा खेळाडू विरळा. शनिवारी कोणाची पाळी असते, कोणी आजारी पडतो, कोणाची बदली होते. मग कालचा विंगर आज सेंटरच्या जागी उभा राहतो. वय वाढले, वेग मंदावला की कडेने धावणारा खेळाडू आत सरकतो. चित्रपट अभिनेते राहुल बोस यांनी भारतातर्फे खेळताना स्क्रम-हाफ व उजवा विंगर अशा दोन्ही जागा सांभाळल्या. भारताने १९९८ साली आंतरराष्ट्रीय रग्बीत पाऊल टाकले, त्या पिढीतील ते खेळाडू. २०२१ साली भारतीय रग्बी संघटनेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. ज्याने दोन जागांवरून खेळ पाहिला आहे, त्याला दुसऱ्याची अडचण लवकर उमगते.

हौशी म्हणजे कोण?

आता दुसरा प्रश्न. पैसे न घेता केवळ आवडीखातर खेळतो तो हौशी, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत वरवर निर्दोष दिसते. परंतु तिच्यापोटी एक मोठा अन्याय दडलेला होता, हे रग्बीच्याच इतिहासाने दाखवून दिले.

इंग्लंडच्या उत्तर भागात, यॉर्कशायर व लँकेशायर परगण्यांत, गिरण्यांतील व कोळशाच्या खाणींतील मजूर रग्बी खेळत. सामन्यासाठी काम सोडून जावे लागले की त्यांची तेवढी मजुरी बुडे. ही बुडालेली मजुरी क्लबने भरून द्यावी, एवढीच त्यांची मागणी होती. ती देणे म्हणजे हौशीपणाला काळिमा, असे खेळाच्या धुरिणांचे मत पडले. ज्यांना मजुरी बुडण्याची धास्ती नव्हती, अशांच्या हाती निर्णय होता. अखेर १८९५ च्या ऑगस्टमध्ये हडर्सफील्ड येथे जमलेल्या उत्तरेकडील क्लबांनी स्वतंत्र संघटना स्थापन केली. त्या फुटीतून रग्बी लीग हा वेगळा खेळ जन्मास आला. १९०६ पासून त्यात तेरा खेळाडू असतात. मूळ खेळाने आपले निर्बंध १९९५ साली, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी, उठविले.

कामगारांच्या वस्तीत या इतिहासाचा अर्थ विशद करून सांगण्याची गरज नाही. हौस सर्वांना असते. परंतु हौस भागविण्यास लागणारा वेळ सर्वांपाशी सारखा नसतो. तिसरी पाळी करून आलेल्या तरुणाने सकाळी सरावास यावे अशी अपेक्षा करताना, त्याच्या झोपेचा व रोजंदारीचा हिशेब कोणीतरी मांडला पाहिजे. मुंबईच्या कबड्डीने हा प्रश्न आपल्या परीने सोडविला. कारखाने, बँका, रेल्वे व पोलीस दल यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, त्यांचे संघ उभे केले. राज्य शासनाच्या सेवेतही पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. हे उपकार नव्हेत. १८९५ साली जे मजुरांना नाकारले गेले, त्याचीच ही भरपाई होय.

महाराष्ट्रातील अनुभव

मुंबईत रग्बीचे घर म्हणजे १८७५ साली स्थापन झालेला बॉम्बे जिमखाना. पूर्वी तो मोजक्या लोकांचा खेळ होता. परंतु याच जिमखान्यावर खेळणाऱ्या मॅथ्यू स्पेसी या इंग्रज तरुणाने समोरच्या फुटपाथवर राहणाऱ्या, कुंपणाबाहेरून खेळ पाहणाऱ्या मुलांना आत बोलाविले. त्या प्रयत्नातून १९९९ साली मॅजिक बस ही संस्था उभी राहिली आणि पुढे तिने खेळाच्या द्वारे मुलांच्या शिक्षणाचे मोठे कार्य केले.

मुलींची प्रगती तर विशेष उल्लेखनीय आहे. भारताच्या महिला संघाने पंधरा जणींचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना २०१८ साली सिंगापूर येथे खेळला आणि २०१९ साली सिंगापूरच्याच संघावर पहिला विजय मिळविला. पुण्याच्या वाहबिज भरुचा यांनी या संघाचे नेतृत्व केले. कोल्हापूर जिल्ह्यातील मुलींनीही भारतीय संघापर्यंत मजल मारली. कुस्तीच्या मातीत वाढलेल्या जिल्ह्याने हा खेळ आपलासा करावा, यात नवल नाही.

ज्या शाळांना पंधरा मुले जमविणे कठीण, त्यांच्यासाठी सात जणांचा प्रकार सोयीचा आहे. १८८३ साली स्कॉटलंडमधील मेलरोझ गावी नेड हेग या खाटकाने क्लबसाठी निधी जमविण्याकरिता हा प्रकार सुचविला. एका दुपारी अनेक सामने उरकावेत, हा त्यातील व्यवहार. तीन आघाडीचे, चार पिछाडीचे आणि सात सात मिनिटांचे दोन डाव. एका गावातील हौशी माणसाची ही सोय २०१६ साली रिओ येथे ऑलिंपिकपर्यंत पोहोचली.

काळजी कोणती घ्यावी

उत्साहाच्या भरात एक गोष्ट नजरेआड होता कामा नये. हा अंगझटीचा खेळ आहे. झुंडीच्या पहिल्या रांगेतील तिघांवर मानेचा व पाठीचा ताण येतो, म्हणून त्या जागेचे रीतसर शिक्षण न घेतलेल्या खेळाडूस तेथे उभे करण्यास नियमांची मनाई आहे. असे खेळाडू नसतील तर झुंड रेटा न लावता खेळविली जाते. जागा बदलून पाहाव्यात हे खरे. पण या तीन जागांना तो न्याय शिकविल्यावाचून लावू नये. डोक्याला मार बसल्याची शंका आली तरी खेळाडूस तत्काळ बाहेर काढावे व वैद्यकीय तपासणीशिवाय परत घेऊ नये. प्रारंभ पाडापाडी नसलेल्या, नुसत्या स्पर्शाच्या खेळाने करावा.

मैदानाची अडचण सर्वांस ठाऊक आहे. परंतु मुंबईत क्रिकेटचे मैदान पावसाळ्यात ओस पडते आणि रग्बीला हवी असलेली मऊ जमीन त्याच चार महिन्यांत मिळते. खडे वेचून, काचा काढून तीच जागा मुलांना देता येईल. ग्रामपंचायतींनाही हीच सूचना उपयोगी पडेल.

एक नोंदवही

शेवटी एक साधी सूचना. रग्बीचे जुने हौशी क्लब आपल्या खेळाडूंची नोंद ठेवतात. नाव, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत खेळला, आणि कोणकोणत्या जागा त्याने सांभाळल्या. गुण कोणी किती केले याहून ही नोंद अधिक न्याय्य आहे, कारण प्रॉपच्या नावावर गुण क्वचितच लागतात आणि तरीही त्याच्या खांद्यावाचून कोणाचेच गुण होत नाहीत.

अशी नोंदवही प्रत्येक शाळेने व मंडळाने ठेवावी, मग खेळ रग्बी असो, कबड्डी असो वा खो-खो. प्रत्येक सामन्यानंतर पंच व शिक्षक यांच्या सहीने ती भरावी. तिचा व्यावहारिक उपयोगही मोठा आहे. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात उघडकीस आल्यापासून पडताळणी काटेकोर झाली आहे. अशा वेळी कागदपत्र जपून ठेवण्याचे भान नसलेला प्रामाणिक खेळाडूच अडचणीत येतो. पाचवीपासून ठेवलेली अस्सल नोंद त्याच्या मदतीस येईल आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याचेही काम सुकर होईल.

नोंदवहीचे एक पान, पावसाळ्यात मोकळे असलेले एक मैदान आणि वर्गातील प्रत्येक मुलाला निरनिराळ्या जागी उभे करून पाहण्याची शिक्षकाची तयारी, एवढ्या सामग्रीवर या कामास आरंभ करता येतो. येत्या पावसाळ्यात विक्रोळीच्या शाळांनी तो करावा आणि खेळाच्या तासाला दप्तरे सांभाळत बसलेल्या मुलाला सर्वांत आधी मैदानात बोलवावे.