शब्द मोडला कुणी?

अमेरिकेत १९५२ साली हँक थॉम्पसन यांचं ‘द वाइल्ड साइड ऑफ लाइफ’ हे गाणं १५ आठवडे कंट्री संगीताच्या यादीत अव्वल होतं. त्यातल्या गड्याची तक्रार अशी, की बाई संसार मोडून गुत्त्यातल्या झगमगाटाकडे पळाली. दोष अर्थातच तिचा!

त्याला उत्तर दिलं किटी वेल्स यांनी, ‘इट वॉजंट गॉड हू मेड हाँकी टाँक एंजल्स’ या गाण्यातून. चाल तीच, अगदी तमाशातल्या सवाल-जवाबाचा थाट. लग्नाच्या आणाभाका घेतलेले पुरुषच बाहेर सडेफटिंग असल्यासारखे मिरवतात, मग बिघडवलं कुणी, हा किटींचा रोकडा सवाल. गंमत म्हणजे बाईचं हे गाऱ्हाणं लिहिलं होतं जे. डी. मिलर या पुरुषानं. ३२ वर्षांच्या, लेकुरवाळ्या किटी तेव्हा गाणं सोडायच्या विचारात होत्या. १२५ डॉलर मिळतील म्हणून त्या रेकॉर्डिंगला गेल्या.

एनबीसी रेडिओनं गाण्यावर बंदी घातली. लोकांनी मात्र ते डोक्यावर घेतलं. आवाज साधा, आक्रस्ताळेपणा नावाला नाही. म्हणूनच तो टोचतो.

बिलबोर्डच्या कंट्री यादीत पहिला क्रमांक गाठणाऱ्या किटी वेल्स या पहिल्या एकल गायिका. १९७६ साली कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला.