अल्पसंख्याक दर्जा : आपला अधिकार आणि आपली जबाबदारी
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)





न्यासाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा माझ्या पूर्वीच्या वक्त्यांनी घेतला आहे. त्याची पुनरुक्ती मी करणार नाही. मी कापडाचा व्यापारी, शिक्षण बी. कॉम.पर्यंतचे. कायद्याचा पंडित म्हणून मी येथे उभा नाही. परंतु ज्या राज्यघटनेच्या छत्राखाली आपली मंदिरे, पाठशाळा, वसतिगृहे आणि हा न्यास निर्वेधपणे चालतो, तिच्यात आपल्या समाजाचे स्थान कोणते, हे प्रत्येक सभासदाला ठाऊक असणे अगत्याचे आहे. म्हणून विश्वस्त मंडळाने सुचविलेला हा विषय मी आनंदाने स्वीकारला.

प्रारंभ आपल्याच घरातील गोष्टीने करतो. आपला न्यास ज्या कायद्याखाली नोंदलेला आहे, तो १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम. आज तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. हा कायदा नवा असतानाच रतिलाल पानाचंद गांधी नावाच्या एका जैन मंदिराच्या व्यवस्थापकांनी त्यातील काही कलमांना आव्हान दिले. त्यांच्याबरोबर पारशी पंचायतीचे विश्वस्तही न्यायालयात गेले होते. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यासाची नोंदणी करणे, हिशेब ठेवणे व ते तपासून घेणे योग्यच आहे, असे न्यायालयाने म्हटले. मात्र धर्मसंस्थेच्या विश्वस्तपदी खुद्द धर्मादाय आयुक्तांना नेमण्याची आणि धर्मकार्यासाठी दिलेला पैसा दात्याच्या हेतूविरुद्ध अन्यत्र वळविण्याची तरतूद रद्द ठरविली. श्रावकाने भंडारात टाकलेला रुपया ज्या कामासाठी टाकला त्याच कामी लागावा, हा भरवसा आपल्याला त्या निकालाने दिला. हिशेब चोख ठेवण्याचे बंधन आणि धर्मपालनाचे स्वातंत्र्य या दोन्ही गोष्टी एकाच निकालात आल्या, हे आपण विसरू नये.

आता दर्जाच्या प्रश्नाकडे येतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ ला एक स्पष्टीकरण जोडलेले आहे. हिंदू धर्मसंस्थांविषयीच्या सुधारणांच्या संदर्भात ‘हिंदू’ या शब्दात शीख, जैन व बौद्ध यांचाही समावेश समजावा, असे ते सांगते. या एका वाक्यामुळे आपला धर्म स्वतंत्र नाही, असा समज पसरू लागला. त्यामुळे जानेवारी १९५० मध्येच जैन शिष्टमंडळाने पंतप्रधान पंडित नेहरूंची भेट घेतली. जैन हा वेगळा धार्मिक समाज आहे हे मान्य असून चिंतेचे कारण नाही, असे लेखी उत्तर त्यांच्या कार्यालयाकडून आले. तथापि पत्र हे पत्र असते. त्याला कायद्याचे बळ नसते.

पुढे १९९२ मध्ये राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाचा कायदा झाला. १९९३ च्या अधिसूचनेत मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध व पारशी हे पाच समाज आले. जैनांचे नाव आले नाही. १९९४ मध्ये आयोगाने जैनांच्या समावेशाची शिफारस केली. पण निर्णय झाला नाही. श्री. बाळ पाटील यांनी हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. ऑगस्ट २००५ मध्ये न्यायालयाने केंद्राला तसा आदेश देण्यास नकार दिला. तत्पूर्वी २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने अल्पसंख्याकत्व राज्यनिहाय ठरवावे, असे म्हटले होते. २००६ मध्ये उत्तर प्रदेशातील एका जैन शाळेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच जैन धर्म हा हिंदू धर्माचा भाग नाही, असे नमूद केले. अखेर २७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र शासनाने अधिसूचना काढली आणि जैन हा सहावा राष्ट्रीय अल्पसंख्याक समाज ठरला. पहिल्या अधिसूचनेपासून या नोंदीपर्यंत वीस वर्षांहून अधिक काळ गेला.

या दर्जाने काय मिळाले आणि काय मिळाले नाही, याविषयी समाजात अजूनही गोंधळ आहे. हे आरक्षण नव्हे. नोकरीत वा विधिमंडळात आपल्यासाठी एकही जागा यामुळे राखीव झालेली नाही. मुख्य लाभ आहे तो अनुच्छेद ३० चा, म्हणजे आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा. त्याखेरीज गरजू विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती व कर्जाच्या योजना आहेत. त्यांचे नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून दरवर्षी चौकशी करावी लागते.

तसेच या दर्जामुळे आपले विवाह वा वारसा यांचे कायदे बदललेले नाहीत. २०२५ च्या आरंभी इंदूरच्या कुटुंब न्यायालयाने, जैनांना आता हिंदू विवाह कायदा लागू होत नाही, अशी भूमिका घेतली होती. मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती अमान्य केली. १९५५ च्या त्या कायद्यातच जैनांचा नामनिर्देश आहे. धर्म स्वतंत्र असणे आणि एखादा नागरी कायदा समान असणे, यांत विरोध नाही. अनेकान्ताचा वारसा सांगणाऱ्यांना हे समजणे अवघड जाऊ नये.

मान्यता मिळाली म्हणून जागरूकता संपत नाही. १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा व्रताला आत्महत्येच्या पंक्तीत बसविले. तेव्हा देशभर आपल्या समाजाने मौन मोर्चे काढले. ना दगड उचलला, ना घोषणा दिली. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली. नागरिकाने दाद कशी मागावी, याचा हा उत्तम पाठ होय.

मित्रहो, ही वाट केवळ आपण चाललो असे नाही. १९५६ मध्ये नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारणाऱ्या आपल्या बांधवांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबावे लागले. शीख बांधवांना १९०९ च्या आनंद विवाह कायद्याखाली विवाहनोंदणीची तरतूद मिळण्यास २०१२ साल उजाडले. जो न्याय आपण स्वतःसाठी मागितला, तो दुसऱ्याने मागितला असता आपण गप्प बसलो, तर आपल्या मागणीचे मोल घटते. व्यापारात घेण्याचा गज एक आणि देण्याचा दुसरा ठेवणाऱ्याची पत फार दिवस टिकत नाही. हक्कांच्या बाबतीतही हाच नियम आहे.

आता आपल्या जबाबदारीविषयी तीन गोष्टी नम्रपणे सांगतो.

पहिली जनगणनेची. २०११ च्या गणनेत देशात जैनांची संख्या सुमारे ४४.५ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या अर्धा टक्काही नाही. त्यांपैकी सुमारे १४ लाख एकट्या महाराष्ट्रात आहेत. अनेक घरांत धर्माच्या रकान्यात सवयीने दुसरेच काही सांगितले जाते किंवा पोटजातीचे नाव सांगितले जाते. जून २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे व तीत जातीचीही विचारणा आहे. धर्म आणि जात हे प्रश्न वेगळे आहेत. धर्म विचारला असता ‘जैन’ असेच स्पष्ट सांगावे आणि गणकाने काय नोंदविले ते पाहावे.

दुसरी गरजूंची. जैन म्हटला की श्रीमंत, असे बाहेर समजले जाते. कधी आपणही तसेच समजतो. सांगली-कोल्हापूरकडील अल्पभूधारक जैन शेतकरी, दुसऱ्याच्या दुकानात गज धरणारा नोकर, घरी पापड लाटून मुले शिकविणारी विधवा भगिनी, हेही आपलेच. योजनांचे अर्ज भरण्यासाठी न्यासाच्या कार्यालयात आठवड्यातून एक दिवस माहितगार स्वयंसेवक बसावा, अशी माझी सूचना आहे. त्याला खर्च नगण्य आहे.

तिसरी संस्थांची. ‘अल्पसंख्याक’ ही पाटी शुल्क वाढविण्यासाठी वा तपासणी चुकविण्यासाठी लावली गेली, तर तो हक्काचा गैरवापर ठरेल. कर्मवीर भाऊराव पाटील जन्माने जैन होते. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंगतीत बसविले. हक्क आपला असावा आणि दार सर्वांना उघडे असावे, हाच आदर्श आपल्या संस्थांनी ठेवावा.

आपल्या पूर्वजांनी हा न्यास पै-पैशाने उभा केला. राष्ट्राच्या खतावणीत आपल्या समाजाचे नाव आता स्वतंत्र खात्यावर आले आहे. त्या खात्यात पुढील पन्नास वर्षांत कोणती जमा पडेल, हे आपल्या आचरणावर अवलंबून आहे. 

जय जिनेंद्र.